बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

2005 साली जननी सुरक्षा योजना आली तेव्हा सरकारचा सगळा भर बाळंतपण दवाखान्यात होण्यावर होता. घरी बाळंत होताना बाया दगावत होत्या, त्यामुळे तो रास्तच होता. 2011 पासून आशाताईने बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे ठरले. नांदेड-लातूरच्या खेड्यांत ती झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, आईला ताप आहे का, दूध येते का, ते विचारते. त्या भेटीच्या फॉर्मात आई असंबद्ध बोलते का, असाही प्रश्न आहे. म्हणजे दुखणे चारचौघांना दिसले तरच त्याची नोंद. दार लोटून रडणारी, जेवणावरची वासना उडालेली आई त्यात बसत नाही.

आपल्याकडे बाळंतिणीला माहेर असते, शेक-मालिश, डिंकाचे लाडू असतात, मग बाळंतपणानंतरचे नैराश्य हे शहरी दुखणे इथे कशाला, असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता, आणि निम्म्याहून अधिक जणी सहाव्या महिन्यातही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही कारणे ठळक होती. मायेचा सव्वा महिना मोलाचा खरा, पण तो संपल्यावर बाई ज्या घरात परतते तिथेच ही कारणे तिची वाट पाहत असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला नाही, मग आशाताईने आईच्या मनाविषयी नुसते विचारून काय साधणार? पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अशाच गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना बोलून धीर देण्याचे साधे प्रशिक्षण दिले गेले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, नैराश्य असलेल्या ज्या आयांना ही मदत मिळाली त्यांच्यापैकी 23 टक्के सहा महिन्यांनी अजून आजारी होत्या. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात हे प्रमाण 53 टक्के होते. शिवाय मराठवाड्याला हे काम नवखे नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशांनी घरोघरी जाऊन शेतकऱ्यांच्या मनाची चौकशी केली. ज्या ओसरीवर कर्त्या पुरुषाला विचारता येते, त्याच घरात आत बसलेल्या बाळंतिणीला का विचारू नये? आशांवर आधीच कामाचा बोजा आहे, हे मात्र मान्यच करायला हवे. म्हणून या कामाचा वेगळा मोबदला धरला पाहिजे, ते फुकटात गळ्यात मारता कामा नये.

व्यवस्थेतली खरी उणीव मात्र वेगळी आहे: भेटी बाळाच्या नावाने ठरतात. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळे होती. औषधे आणि मनुष्यबळ यांवर चर्चा झाली, ती हवीच होती. पण बाळ गेल्यावर आईकडे कोण जाणार, याचेही उत्तर धोरणात लिहिलेले असावे. तीच गत कंधार-मुखेडहून उसाच्या फडावर जाणाऱ्या ओल्या बाळंतिणीची. तिची नोंद गावात आणि ती कोपीत, त्यामुळे भेट चुकते. तेव्हा भेट आईच्या नावाने ठरावी आणि ती जिथे जाईल तिथे तिची नोंद जावी. लहान बाळांच्या घरभेटींच्या 2018 च्या कार्यक्रमात आशा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात बाळाला पाहायला जाणारच आहे. त्याच खेपेत आईला तिच्या मनाविषयी दोन प्रश्न विचारावेत, त्रास जास्त असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकाशी जोडून द्यावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. आईची तब्येत हे बाळाच्या तब्येतीचे केवळ साधन नव्हे, एवढे मात्र शासनाला कागदावर मान्य करावे लागेल.