निवाड्यात न मावलेली झाडं

टिपेश्वर अभयारण्याला नाव मिळालं ते टिपाई देवीवरून. टेकडीवरचं तिचं ठाणं आजही रानातच आहे. रानाच्या पोटातलं टिपेश्वर गाव मात्र उठून बाहेर गेलं. वाघाला मोकळं रान मिळावं म्हणून ते उठवलं गेलं, आणि वाघ खरोखरच वाढले. 2019 मध्ये इथलाच एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. शेतं आणि नाले ओलांडत, सुमारे 1,300 किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट नकाशावर उमटली, वर्तमानपत्रांत छापून आली. त्याच रानातून संसार घेऊन निघालेल्या घरांची वाट असा कुठलाच नकाशा दाखवत नाही. ती दाखवणं हे मी कवितेचं काम समजतो.

यवतमाळ जिल्ह्यात घर सुटण्याची गोष्ट टिपेश्वरपुरती नाही. बेंबळा, अरुणावती, पैनगंगेवरचं इसापूर ही धरणं झाली, पाणी आलं, आणि ‘आमचं गाव बुडितात गेलं’ हे वाक्य घराघरात रुजलं. निर्वासितांविषयीचा 1951 चा जिनिव्हा करार देशाची सीमा ओलांडणाऱ्यालाच निर्वासित मानतो. बुडितातला माणूस त्यात बसत नाही; त्याच्या हाती प्रकल्पग्रस्ताचा दाखला येतो. पण नातवंडांच्या वाट्याला येणारा वारसा पाहिला, तर फाळणीत सिंधमधून आलेल्या आजोबांचा नातू आणि बुडितातून उठलेल्या आजीची नात यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही एक असं गाव मिळालेलं असतं, जिथे जाता येत नाही. सिंध निदान जागेवर आहे. बुडितातलं गाव पाणी ओसरलं तरच, तेही थोडंसं, दिसतं.

याच इसापूरच्या जलाशयाला 2014 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी उतरतात, आणि ते दृश्य सुंदरच असतं. त्या सौंदर्याला खोटं म्हणण्याचं कारण नाही. पण काठावर उभ्या राहिलेल्या कवीच्या आजोबांचं वावर त्याच पाण्याखाली असेल, तर त्यानं काय लिहावं? आपल्याकडे निसर्गकविता एका फळीवर ठेवतात आणि विस्थापनाची कविता दुसऱ्या. या जिल्ह्यात तरी ही वाटणी टिकत नाही. केवळ पक्ष्यांवर लिहिलं तर आजोबा दुसऱ्यांदा बुडतात. केवळ आजोबांवर लिहिलं तर समोर जिवंत असलेलं पाणी नाकारावं लागतं. दोन्ही एकाच ओळीत आणणं अवघड आहे, म्हणूनच ती कविता लिहिण्याजोगी आहे.

गोंड समाजात ही वाटणी मुळातच नव्हती. टेकाम या आडनावात साग आहे. कुळाचं झाड, कुळाचा प्राणी, त्यांना न दुखवण्याचे नेम, हाच तिथे घराण्याचा इतिहास असतो. अशा घराला रानातून हलवलं, की जमिनीबरोबर नात्यातलं माणूसही मागे राहतं. त्याची भरपाई कोणत्या रकान्यात लिहायची?

भूसंपादनाच्या निवाड्यात झाडांची नोंद असते. आंबा इतके, चिंच एक, विहीर एक, घर मातीचं, आणि प्रत्येकापुढे रक्कम. हा कागद अनेक घरांत जुन्या पेटीत घडी घालून ठेवलेला असतो. कुटुंबावर कविता लिहू पाहणाऱ्यानं आधी तो वाचावा, असं मी आग्रहानं सांगेन. कारण त्या यादीत एकही झाड खोटं नाही, आणि एकही झाड पुरं नाही. आंब्यांपैकी खोबऱ्या कोणता आणि लोणच्याचा कोणता, चिंचेखाली कोणाचं लग्न ठरलं, धुऱ्यावरच्या मोहाची फुलं वेचायला पहाटे कोण जायचं, विहिरीचं पाणी वैशाखात किती खाली जायचं, हे निवाड्यात मावलेलं नाही. नेमकं तेच ज्ञान आजीजवळ आहे. ते त्या जागेपुरतंच उपयोगी होतं. जागा गेली आणि ते एका दिवसात निरुपयोगी ठरलं. विस्थापनातलं हे नुकसान मला सगळ्यांत मोठं वाटतं, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं गेलं आहे.

त्याऐवजी आपल्या कविसंमेलनांत काय ऐकू येतं? तुटलेली मुळं, हरवलेली माती, रडणारी नदी. भावना खरी असते, पण या ओळी कोणत्याही गावाच्या असू शकतात. झाडाला उपटलं तर ते वाळतं. माणूस मात्र नव्या गावठाणात जाऊन पुन्हा पेरतो. काळ्या जमिनीतून बरड जमिनीवर आलेल्या बाईनं कपाशीला पाणी कधी द्यायचं ते नव्यानं शिकून घेतलं, हीसुद्धा घराण्याचीच गोष्ट आहे. सरळ रेषेत आखलेले रस्ते, आधी कोणाची तरी गुरं चरत होती तो माळ, त्यावरून शेजारच्या गावाशी झालेली कुरबूर, हे सगळं कवितेत यायला हवं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना आजच्या गडचिरोलीतल्या मुलचेरा, चामोर्शी भागात वसवलं गेलं. नद्यांच्या देशातली ती माणसं रानात आली, पण ते रान आधीपासून आदिवासींचं होतं. आपलं दुःख सांगताना दुसऱ्याचं वावर पायाखाली येतं का, हे पाहणारा कवी मला अधिक विश्वासाचा वाटतो.

जागेचं ज्ञान तिथल्या बोलीत असतं, आणि ती बोली कवितेत कशी आणायची, हे यवतमाळ जिल्ह्यातल्याच कवी भुजंग मेश्रामांनी पूर्वीच दाखवून दिलं. ‘उलगुलान’ हा त्यांचा संग्रह 1990 चा. नाव बिरसा मुंडांच्या उठावाचं. गोंडी, गोरमाटी अशा बोलींतले शब्द त्यांनी मराठी कवितेत हक्कानं वागवले. ते 2007 मध्ये गेले. त्यांनी उघडलेली वाट मात्र पुरेशी रुळली नाही. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवड्याकडच्या पोडांत, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांत, झाडांची, नाल्यांची, दगडांची नावं कोलामीत आहेत. मराठीत आणताना त्यांतली निम्मी गळतात, कारण मराठीत ती कधी नव्हतीच.

म्हणून पोडांवरच्या आणि तांड्यांवरच्या मुलामुलींना माझी विनंती आहे, की पहिला खर्डा घरच्या बोलीत लिहा. प्रमाण मराठीची घाई करू नका. आणि मराठी नियतकालिकांच्या संपादकांनो, दिवाळी अंकात एवढी पानं निघतात, त्यांतली चार पानं कोलामी, गोंडी आणि गोरमाटी कवितेला द्या. मूळ कविता देवनागरीत वर छापा, मराठी अर्थ खाली द्या, आणि कवीला इतरांइतकंच मानधन पाठवा.