सगळं वजन टाका

गाडी डबल स्टँडवर घ्या.

इंजिन बंद करा. किल्ली हातातच ठेवा, सीटच्या कुलपाला लागेल.

आता काही करू नका. नुसतं उभं राहा.

सांगलीतली दुपार आहे. शंभर फुटी रस्त्यावरून वाहनं जात आहेत. अलीकडे, कुशनवाल्याच्या दुकानासमोर, थोडी सावली आहे. आत रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या आहेत. काळ्या, तपकिरी, एखादी लाल. भिंतीला जुने बेस टांगलेले. शिलाई मशीन मधूनच खडखडतं, थांबतं. सोल्युशनचा उग्र वास येतो.

वास येऊ द्या. जाऊ द्या.

श्वास सोडा.

आज एकच गोष्ट पाहायची आहे. एक सीट.

◆

किल्ली फिरवा. कुलूप टक्कन सुटतं.

सीटचा मागचा भाग उचला आणि जरा मागं ओढा. टाकीखाली अडकलेली जीभ निघते. सीट हातात येते.

किती दिवस हिच्यावर बसलात. हातात मात्र ती क्वचितच घेतली असेल.

आधी वरून पाहा.

मधोमध एक खळगा आहे. तिथं रेक्झिन गुळगुळीत झालं आहे. कडेला त्याचे दाणे अजून बोटांना लागतात.

खळग्यावर तळहात ठेवा. सावकाश दाबा.

आणखी थोडं.

तळाचं प्लास्टिक हाताला लागतं. म्हणजे कंबर रोज तिथवर पोचत होती. फोम दमला आहे, एवढंच. नोंद घ्या आणि पुढं या.

सीट उलटी करा. खाली रबराची बटणं आहेत. तुमचा भार सीटमधून गाडीच्या सांगाड्यावर उतरतो तो यांच्यावरून. एकेक बटण बोटानं दाबून पाहा. एखादं चेपलेलं असेल. एखादं गळून पडलं असेल, त्याची नुसती जागा राहिली असेल.

एक बटण नसलं की तो कोपरा डुलतो. आणि पाठ दिवसभर ते डुलणं सावरत बसते, तुम्हाला न सांगता.

रिकाम्या जागेवर बोट ठेवा.

थांबा.

◆

कुशनवाले मामा पिना काढायला घेतात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं, एकेक. पिना ताटलीत पडतात. तो आवाज ऐका.

रेक्झिन सैल होतं. सोललं जातं. आतला फोम उघडा पडतो. पिवळा पडलेला, कडांना भुगा होत चाललेला. शिवणीच्या खाली पावसाळ्यांचे डाग आहेत.

शिवणीतून शिरलेलं पाणी फोम धरून ठेवतो. वरून वाळतो, आत ओला राहतो. सांगलीला हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१. कृष्णा घरादारांत आली, तेव्हा भिजलेली वस्तू वाळायला किती उन्हं लागतात ते इथं घरोघर ठाऊक आहे.

डाग पाहा. मग ते बाजूला ठेवा.

मामा नवा फोम तुमच्या हातात देतात. "चाळीस डेन्सिटीचा हाय," म्हणतात.

वजन पाहा. जवळजवळ नाहीच.

मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच असा या फोमचा ठोकळा केला, तर तो ४० किलो भरेल. चाळीस डेन्सिटी म्हणजे एवढंच. हा ज्याचा बनतो ते पॉलियुरेथेन जागा न ठेवता भरीव ओतलं, तर तेवढाच ठोकळा साधारण १,२०० किलोचा होईल.

मग हातात आहे ते काय आहे?

शंभरात तीन-चार भाग पदार्थ. बाकी सगळी हवा.

हे पुन्हा एकदा मनात येऊ द्या. घाई नाही.

हवा. आणि तिच्याभोवती बारीक, लवचीक जाळी.

फोम कानाशी न्या. दोन्ही हातांनी दाबा. हवा निघून जाते, अगदी हलका आवाज करत. हात सैल सोडा. हवा परत येते.

दाबा. बाहेर.

सोडा. आत.

आता हात तसेच ठेवा आणि स्वतःचा श्वास पाहा. बाहेर. आत.

पॉलियुरेथेनची कृती जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधली. मऊ फोम त्यानंतर आला. त्याआधी गाड्यांच्या बैठकीत स्प्रिंगा असत, काथ्या असे, घोड्याचे केस असत. माणूस बसत होताच. आणि बसायला जरा बरं कसं वाटेल, ते शोधतही होता.

मामांकडं दुसराही एक तुकडा आहे, मेमरी फोमचा. त्यावर बोट दाबा, उचला. खळी लगेच भरत नाही. सावकाश, सावकाश भरते. १९६६ साली नासाच्या कामातून हा फोम निघाला. थंडीत तो ताठरतो. डिसेंबरच्या पहाटे साताऱ्याकडं निघालात, तर पहिली काही मिनिटं तो तुम्हाला ओळखणार नाही. मग अंगाची ऊब पोचते आणि तो सैलावतो.

खळी पूर्ण भरेपर्यंत पाहत राहा.

◆

आता स्वतःकडं या.

दुकानाबाहेर लाकडी बाक आहे. त्यावर बसा. तळहात वर करून दोन्ही हात बुडाखाली सरकवा.

दोन टणक उंचवटे लागतील. डावा, उजवा. एकमेकांपासून चार-पाच इंचांवर.

ही बसायची हाडं.

जरा पुढं झुका. उंचवटे हातावर घरंगळतात. मागं रेला. ते दुसरीकडं घरंगळतात आणि भार माकडहाडाकडं सरकतो.

पुन्हा पुढं. पुन्हा मागं. हालचाल लहान करत न्या.

आणखी लहान.

मध्ये कुठं तरी एक जागा येते. तिथं पाठ ताठ करावी लागत नाही, ती आपली उभी राहते. तिथं थांबा.

डोकं, खांदे, हात, पोट, पाठीवरची सॅक. सगळं या दोन जागांवर उतरतं.

मऊ फोम हाताला लगेच आवडतो. हाडांचं तसं नसतं. मऊ फोममध्ये ती उतरत जातात, उतरत जातात, आणि शेवटी तळाला टेकतात. मग आजूबाजूचं मांस चेंगरतं, नस दबते, रक्त अडतं. मांडीत मुंग्या येतात. जरा घट्ट फोम हाडांना थोडं आत घेतो आणि मग धरतो.

थोडं आत घेणं. मग धरणं.

हात बाहेर काढा. तळहातांवर हाडांचा ठसा अजून जाणवतो आहे का, पाहा.

◆

मामांनी बेसवर नवा फोम चिकटवला आहे. रेक्झिन अजून नाही. बेस गाडीवर बसवला आहे.

"बसा."

तुम्ही बसता. पाय दोन्हीकडं टेकवता.

मामा जरा वेळ पाहत राहतात. मग म्हणतात, "तसं न्हाई. टेका की नीट. सगळं वजन टाका."

तुम्हाला वाटतं, टाकलं आहे.

पाहा बरं.

टाचा जमीन रेटत आहेत. मांड्यांनी टाकी धरली आहे. मनगटं हँडलवर ताठ आहेत. पोट आत ओढलेलं. श्वास छातीतच फिरतो आहे. अर्धे बसला आहात, अर्धे अजून उभे आहात.

एकेक सोडू.

मनगटं सोडा. बोटं हँडलवर नुसती ठेवा.

खांदे कानांपासून खाली येऊ द्या.

जबडा सोडा.

पोट सोडा. मामांनी अशी पुष्कळ पोटं पाहिली आहेत.

मांड्या सोडा. टाकीला धरून ठेवायची गरज नाही, गाडी स्टँडवर आहे.

आणि श्वास सोडताना, सगळं वजन टाका.

फोम हळूच खाली जातो. थोडी हवा निघते. मग तो थांबतो.

तो थांबला तिथं तुम्हीही थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर. पुन्हा एकदा.

आता ऐका. डाव्या हाडाखाली काय आहे? उजव्या हाडाखाली काय आहे? दोन्हीकडं सारखं आहे का? मांडीच्या आतल्या बाजूला फोमची कड लागते का? आपण पुढं, टाकीकडं, घसरत तर नाही?

उत्तर लगेच देऊ नका. येऊ द्या.

"उजवीकडं जरा…" तुम्ही म्हणता.

मामा मान हलवतात. खडूनं खूण करतात. एक्सा ब्लेडनं पातळ काप काढतात, ग्राइंडरनं कड उतरती करतात. पिवळा भुसा उडतो आणि उन्हात तरंगतो. मग हातानं फोम झटकतात.

"बसा."

मिरज इथून जवळच. तिथं सतारीची जवारी काढणारा कारागीर असाच बसलेला असतो. घोडीवर कानस हलकेच फिरवतो, तार छेडतो, ऐकतो. पुन्हा कानस. किती घासायचं हे पट्टी सांगत नाही, तार सांगते. इथं ती तार म्हणजे तुमची कंबर.

बसा. सगळं वजन टाका. ऐका.

उठा.

पुन्हा बसा.

आता पायांकडं लक्ष न्या. फोम वाढला की उंची वाढते, जमीन थोडी लांब जाते. तळवे पुरते टेकतात का? की नुसते चवडे? कड आणखी उतरती केली की मांड्या खाली येतात आणि पाय जमिनीला भेटतात. गर्दीच्या चौकात, सिग्नलला, हा अर्धा इंच फार मोठा असतो.

तळव्यांखालची जमीन जाणवू द्या.

◆

फोमवर प्लास्टिकचा कागद येतो, पावसासाठी. त्यावर रेक्झिन. मामा ते ओढतात, कोपऱ्यावर दुमडतात, पिना मारतात. खट. खट. खट. सुरकुती दिसली की पीन उपटतात आणि पुन्हा ओढतात.

हातांकडं पाहा. किती ओढायचं ते हातांना माहीत आहे. फार ताणलं तर आतला फोम दबून जाईल आणि नवी सीट दगडासारखी वाटेल. सैल सोडलं तर चुण्या पडतील.

खाली रबराची बटणं. गळलेलं नवीन लागलं आहे. एकेक दाबून पाहा. सगळी आहेत.

आता सीट तुम्ही बसवा.

आधी जीभ टाकीखाली. अंदाजानं नको. वाकून पाहा, ती खाचेत गेली आहे. मग मागून दाबा.

टक्क.

सीटखाली बोटं घालून वर ओढा. हलत नाही. पुन्हा एकदा ओढा.

नव्या रेक्झिनवर हात फिरवा. अजून कुणाचाच खळगा नाही.

◆

गाडी सुरू करा. निघू नका.

खालून एक थरथर येते. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन धावताना मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक, असे सेकंदाला साधारण ३३ ठोके पडतात. इतके बारीक, की ते वेगळे मोजता येत नाहीत. फोम त्यातले पुष्कळसे पोटात घेतो. उरलेले तुमच्यापर्यंत येतात.

ते येऊ द्या.

मग निघा.

चालवताना लक्ष रस्त्यावर. सीटला तिचं काम करू द्या. ऐकायचं ते थांबल्यावर.

आयर्विन पूल येतो. १९२९ सालचा, कृष्णेवरचा. खालून वारा येतो. पलीकडं सांगलवाडी. मग कसबे डिग्रज, तुंग. दोन्हीकडं ऊस. ट्रॉल्यांच्या वजनानं रस्ता कुठं कुठं खचलेला आहे, तिथं वेग कमी करा. अशा खड्ड्यांची हेलकावणारी चाल कण्याला फार लागते. सेकंदाला चार ते आठ हेलकावे ही बसलेल्या शरीराची सर्वांत नाजूक जागा. खड्डा आला की पायांवर थोडं उठा आणि तो जाऊ द्या. मग परत टेका.

आष्ट्याच्या अलीकडं एखादी सावली पाहून थांबा.

इंजिन बंद. स्टँड लावा. उतरू नका.

पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच सीट चांगल्या असतात. आता अर्धा-पाऊण तास झाला आहे. आता कंबर खरं बोलेल.

मनगटं सोडा. खांदे सोडा. पोट सोडा.

सगळं वजन टाका.

उसाच्या पानांचा आवाज येतो आहे. लांब कुठं तरी मोटार चालू आहे. त्यांच्यामधून खाली या, स्वतःच्या बैठकीपर्यंत.

उजवं हाड गप्प आहे. मांड्या गप्प आहेत. माकडहाड गप्प आहे.

डावं हाड?

तिथं काही तरी आहे. दुखतंय असं म्हणता येणार नाही. थोडं भरल्यासारखं, नाण्याएवढ्या जागेत.

त्याच्याजवळ थांबा. त्याला नाव देऊ नका अजून. किती मोठं आहे ते पाहा. हाडाच्या पुढं आहे की मागं? श्वास सोडल्यावर कमी होतं की तसंच राहतं?

तसंच राहतं.

मग ते नव्या फोमचं आखडलेपण असेल. काही दिवस बसून बसून तो थोडा सैलावतो. तेवढे दिवस द्या. रोज उतरायच्या आधी दोन श्वास असेच बसा, आणि त्या नाण्याएवढ्या जागेला विचारा.

ती गप्प झाली तर उत्तम.

नाही झाली, तर मामांकडं जा. ते हातातलं काम न सोडता विचारतील, "कशी हाय सीट?" बरी आहे, चांगली आहे, असं पटकन म्हणू नका. त्यानं त्यांच्या हाताला काही कळत नाही. जितकं ऐकलंत तितकंच सांगा:

"मामा, डाव्या हाडाच्या जरा पुढं, रुपयाएवढ्या जागेत भरल्यासारखं होतंय. तेवढं सूतभर काढा की."