पाचवे शील आणि कल्याणमित्र



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती मोडली म्हणून लाजेने विहारात येणे सोडू नका. शील म्हणजे दंड नव्हे, अभ्यास आहे. ते पुन्हा ग्रहण करता येते.

इथे ब्रिटनमध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना शुल्क नसते. दारू सोडण्याची इच्छा पुरते. तिथली ईश्वराची भाषा खटकत असेल, तर बुद्धाच्या शिकवणीवर चालणाऱ्या ‘रिकव्हरी धर्मा’च्या सभा ऑनलाइनही असतात. मात्र रोज भरपूर पीत असाल, तर एकदम बंद करू नका. जिवावर बेतू शकते. आधी जीपीला भेटा.

एकटे असलो की तृष्णा भारी पडते. कल्याणमित्र शोधा. या आठवड्यात एका सभेला जाच.

नमो बुद्धाय!