महिना दिला, वर्ष कुणाचं?

ज्यांनी आपला इतिहास गाडला त्यांच्याच अंगणात त्या इतिहासाचा उत्सव करावा का? त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या पैशानं, त्यांनी मंजूर केलेल्या तारखांना? आणि केलाच तर तो उत्सव कुणाचा म्हणायचा?

प्रश्न आपल्याला नवा नाही. पण आज मी तो आपल्या वस्तीतून मांडत नाही, अमेरिकेतल्या काळ्यांच्या कँपसवरून मांडतोय. ते लोक या प्रश्नाशी आपल्या कितीतरी आधीपासून झटतायत. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून आपण नाव घेतलं. नाव घेतलं, पोस्टरं चिकटवली, आणि भागलं असं नसतं. ज्याचं नाव घ्यायचं त्याचं दुखणंही नीट समजून घ्यावं लागतं.

अमेरिकेत फेब्रुवारी हा काळ्यांच्या इतिहासाचा महिना. विद्यापीठांतून भाषणं, नाच, गाणी, जेवणावळी, भिंतीवर डग्लस, किंग, रोझा पार्क्स. हे सुरू कसं झालं ते आधी बघू.

कार्टर वुडसन नावाचा माणूस. जन्म १८७५, आईबाप गुलामीतून सुटलेले. हा पोरगा वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत उतरला. विशीला टेकला तेव्हा कुठं हायस्कुलात गेला. खाणीतल्या ज्या काळ्या मजुरांना वाचता येत नव्हतं त्यांना तो वर्तमानपत्रं वाचून दाखवायचा, आणि ते मजूर युद्धाच्या, गुलामीच्या, सुटकेच्या गोष्टी सांगत बसायचे. (आपल्याकडं एक जण 'जनता' वाचायचा आणि बाकीचे कंदिलाभोवती ऐकत बसायचे, तसंच.) वुडसनचा इतिहासाचा पहिला वर्ग तो होता. हार्वर्डची पीएच.डी. पुढं १९१२ साली मिळाली. हार्वर्डनं ती पदवी दिलेला तो दुसरा काळा. पहिला डुबॉइस.

१९१५ साली वुडसननं शिकागोत काळ्यांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संघटना काढली. त्याच साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात एम.ए. झाले. १९२६ मध्ये वुडसननं 'निग्रो हिस्टरी वीक' सुरू केला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. का? तर लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस या दोघांच्या जयंत्या काळे लोक त्या आठवड्यात आधीपासूनच साजऱ्या करत होते. म्हणजे जयंती होतीच. वुडसननं जयंतीतून इतिहास काढायचं ठरवलं. दोन थोर माणसांचे फोटो पूजण्याऐवजी ज्यांचं नाव कुणी लिहिलं नाही अशा हजारो बायामाणसांनी काय केलं ते शोधा, असं त्याचं म्हणणं.

आणि मुख्य गोष्ट ऐका. हा आठवडा त्याच्या डोक्यात उत्सव नव्हताच. ती परीक्षा होती. शाळेतल्या पोरांनी वर्षभर काय शिकलं ते त्या सात दिवसांत दाखवायचं. वर्षभर काही केलं नसेल तर त्या आठवड्यात दाखवणार काय, कप्पाळ? आठवडा गाजू लागला तसे भाषणं ठोकणारे रातोरात तयार झाले. वुडसन मास्तरांना बजावत होता, की तुमच्या पोरांपेक्षाही ज्याला कमी कळतं असा वक्ता बोलावू नका. हे वाचलं आणि मला आपल्या व्यासपीठांवरचे कितीतरी चेहरे आठवले. नावं घेत नाही.

पैशाचं काय? गोऱ्या धर्मादाय संस्था काही वर्षं पैसे देत होत्या. मग त्यांनी लकडा लावला, की तुमची संघटना एखाद्या कॉलेजाच्या दावणीला बांधा. वुडसन नाही म्हणाला. तिसाच्या दशकात तो पैसा आटला. मग संघटना चालली ती काळ्या शाळामास्तरणींच्या, चर्चमधल्या माणसांच्या चिल्लर वर्गणीवर. वॉशिंग्टनमधलं त्याचं राहतं घर हेच ऑफिस. १९५० साली तो मेला तोपर्यंत हे असंच चाललं.

आठवड्याचा महिना केला तो पोरांनी. ओहायो राज्यात केंट स्टेट नावाचं विद्यापीठ आहे. १९६८च्या नोव्हेंबरात तिथं ऑकलंडचे पोलीस नोकरभरतीला आले. ऑकलंडचे पोलीस म्हणजे ब्लॅक पँथरवर गोळ्या झाडणारे. काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेनं, ब्लॅक युनायटेड स्टुडंट्सनं, धरणं धरलं. विद्यापीठानं शिक्षेची भाषा केली. तेव्हा काळी पोरं कँपस सोडून ॲक्रन शहरात निघून गेली आणि माफी मिळाल्यावरच परत आली. त्याच संघटनेनं १९६९च्या फेब्रुवारीत काळ्यांच्या इतिहासाचा महिना मागितला आणि १९७०च्या जानेवारी-फेब्रुवारीत तो करून दाखवला. सहा वर्षांनी, १९७६ साली, राष्ट्राध्यक्ष फोर्डनं त्याला सरकारी मान्यता दिली. आज सरकारी पत्रकात फोर्डचं नाव येतं. ॲक्रनला निघून गेलेल्या पोरांचं नाव येत नाही.

आता काही दोस्त म्हणतील, थुंका त्या महिन्यावर. अठ्ठावीस दिवस देतात, तेही वर्षातला सगळ्यात आखूड महिना निवडून! मालकानं दिलेला सण आपल्याला नको.

हा नकार मला कळतो. मीही नकाराचंच मीठ खाल्लंय. पण या म्हणण्यात एक गोष्ट न तपासता गृहीत धरलीय, की अंगण त्यांचं आहे. खरंच आहे का? वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन विद्यापीठ घ्या. १८३८ साली ते कर्जात बुडालं होतं. ते चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी काय केलं? आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. बायका, पोरं, म्हातारी. त्या पैशातून विद्यापीठ तगलं. मग त्या अंगणात काळ्या पोरानं पाऊल टाकलं तर तो पाहुणा कसा? तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये धरणं धरलं. ज्या पाद्र्यानं तो सौदा केला त्याचं नाव एका इमारतीला होतं, ते गेलं. २०१७ मध्ये तिला आयझॅक हॉकिन्सचं नाव दिलं. विक्रीच्या कागदावर पहिलं नाव त्याचं होतं. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेऊन ठरवलं, की त्या माणसांच्या वंशजांसाठी आपण दर सत्राला २७ डॉलर २० सेंट जादा फी भरू. विद्यापीठानं ती फी काही लावली नाही, दुसरा निधी काढला. पण पोरांनी स्वतःच्या खिशात हात घातला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा अंगण सोडून जाणं म्हणजे विद्रोह, असं सरसकट म्हणता येत नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातल्या काळ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या चिनी, फिलिपिनो, मेक्सिकन वंशाच्या पोरांनी ६ नोव्हेंबर १९६८ला संप सुरू केला. साडेचार महिने चालला. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. त्यांनी नाचगाण्याचा कार्यक्रम मागितला नाही. विभाग मागितला, शिक्षक मागितले, प्रवेश मागितले. १९६९ मध्ये काळ्यांच्या अभ्यासाचा विभाग मिळाला. विभागात बारा महिने शिकवतात, पगार मिळतो, पदवी मिळते. महिन्याला यातलं काही नसतं. माझा मुद्दा इथं आहे.

विभाग न देता नुसता महिना दिला की काय होतं? २०१० साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काळे विद्यार्थी शंभरात दोनसुद्धा नव्हते. फेब्रुवारीत काही विद्यार्थ्यांनी कँपसबाहेर एक पार्टी ठेवली. काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्याच्या नावानं, काळ्यांची टिंगल करायला. गरीब वस्तीतल्या काळ्यांसारखे कपडे घालून या, असं निमंत्रण. काही दिवसांत ग्रंथालयात फाशीचा दोर टांगलेला सापडला. महिना चालूच होता. काळी पोरं कुलपतीच्या ऑफिसात जाऊन बसली तेव्हा कुठं बोलणी सुरू झाली. आणि २०१८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या खानावळीत या महिन्यानिमित्त खास जेवण लावलं, बरगड्या, हिरवी भाजी, लाल सरबत आणि कलिंगडाच्या स्वादाचं पाणी. काळा माणूस कलिंगड खातो, ही गोऱ्यांची जुनी कुचेष्टा. ती ताटात वाढली आणि वर सन्मान म्हणाले. अध्यक्षानं माफी मागितली, दोन कामगारांना काढलं. ताट वाढणारे गेले. ज्या डोक्यातून ते ताट आलं त्याचं काय?

इथं दुसरा, जास्त अवघड प्रश्न येतो. त्या पदार्थांत वाईट काय आहे? गुलामांनी मालकानं टाकलेल्या तुकड्यांतून रांधलेलं ते अन्न, चवीनं रांधलेलं. ती गाणी शेतात कापूस वेचताना रचलेली. गुलामीत जन्मलेली गोष्ट उत्सवात मिरवावी का? आपण हलगी खाली ठेवली, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, ते आपल्याला माणूस व्हायचं होतं म्हणून. मग काळ्यांनी गुलामीची गाणी का गावीत?

याचं उत्तर मला नॅशविलच्या फिस्क विद्यापीठात सापडतं. गुलामी संपल्यावर १८६६ साली, सैन्याच्या जुन्या दवाखान्याच्या बराकीत हे कॉलेज सुरू झालं. पाच वर्षांत बुडायला आलं. ६ ऑक्टोबर १८७१ला नऊ पोरंपोरी पैसे जमवायला गात बाहेर पडली. बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. गोऱ्या लोकांना तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या तमाशांची सवय होती, त्यांना तेच हवं होतं. ही पोरं आधी गोऱ्यांची नेहमीची गाणी गात. आपल्या आईबापांची गाणी लोकांपुढं गायला ती तयार नव्हती. एला शेपर्ड नावाच्या त्यांच्यातल्या मुलीनं पुढं लिहून ठेवलंय, की ती गाणी आमच्या मायबापांना पवित्र होती, आणि ती गुलामीशी, काळ्याकुट्ट भूतकाळाशी जोडलेली होती. विसरायच्या गोष्टी होत्या त्या. म्हणजे लाजही होती आणि श्रद्धाही होती. ती आपसात दार लावून गात.

मग त्यांनी ती गायली. कुणाच्या हुकमावरून नक्कल म्हणून नाही, नीट उभं राहून, स्वतःच्या कॉलेजासाठी. १८७३ साली इंग्लंडात राणीपुढं गायली. त्याच साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसलेल्या माणसाला ती माणसं कळली होती. गाण्याच्या पैशातून फिस्कमध्ये ज्युबिली हॉल उभा राहिला. तोंडाला काळं फासणाऱ्यानंही काळ्यांचीच गाणी म्हणून पैसा केला होता. मग फरक काय? कोण गातो, कुणाला ऐकवतो आणि पैसा कुठं जातो, एवढ्यावर सगळं ठरतं. न्यूयॉर्कच्या त्या ताटात यातलं एकही काळ्यांच्या हातात नव्हतं.

हलगीचंही मी असंच म्हणेन. गावकीचं काम म्हणून वाजवायची ती सोडली, ते बरोबरच केलं. जलशात शाहिरानं तीच हातात घेतली, तेही बरोबर. यात मला विसंगती दिसत नाही.

आणि आताचं सांगतो. ३१ जानेवारी २०२५ला राष्ट्राध्यक्ष ट्रंपनं काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्याची घोषणा केली, दरवर्षीची. त्याच दिवशी त्याच सरकारच्या संरक्षण खात्यानं पत्रक काढलं, की असले महिने आता संपले, कामाच्या वेळेत किंवा सरकारी खर्चानं पाळायचे नाहीत. आठवड्याच्या आत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत काळ्या इंजिनियरांचं मंडळ बंद झालं. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढलं, तेही एकाच तारखेला. मार्चमध्ये ओहायोनं कायदा केला. सरकारी विद्यापीठांतली विविधतेची आणि समावेशाची कार्यालयं बंद. त्याच कायद्यात प्राध्यापकांच्या संपालाही बंदी. हा केंट स्टेटचाच ओहायो. जिथं महिना जन्मला तिथलं विद्यार्थ्यांचं बहुसांस्कृतिक केंद्र जून २०२५ मध्ये बंद झालं.

मंजुरीवर उभं होतं ते मंजुरी काढल्यावर पडलं. वुडसनची संघटना मात्र आजही आहे. तीच दरवर्षी महिन्याचा विषय ठरवते, कुणा खात्याला न विचारता. १९४६ साली बाबासाहेबांनी डुबॉइसला पत्र लिहिलं तेव्हा काळ्यांच्या उत्सवाची चौकशी केली नव्हती. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं जो अर्ज दिला होता त्याच्या प्रती मागितल्या होत्या. डुबॉइसनं तो अर्ज उत्तरासोबतच पाठवला.

मी ज्या कॉलेजात शिकलो तिथं चौदा एप्रिलला हॉल मिळायचा, प्राचार्य हार घालायचे. बाबासाहेबांचे ग्रंथ कपाटात कुलपात असायचे आणि किल्ली रजेवरच्या माणसाकडं. आम्ही हॉल घेतला, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली मागायला गेलो. पंधरा एप्रिलला किती जण आले होते? चौघं. तुमच्याकडं किती येतात ते मोजून कळवा, पुढच्या अंकात छापू.