गळाआधी मर्यादा

अहिंसेला मर्यादा कशा पडतात हे सांगायला योगसूत्रांचा भाष्यकार साधूचं उदाहरण घेत नाही, मासेमाराचं घेतो. पतंजलींच्या दुसऱ्या पादातलं 31 वं सूत्र जाती, देश, काल आणि समय अशी चार कुंपणं सांगतं आणि व्यासभाष्य ती एकेक करून उलगडतं. मासेमार मासेच मारतो, दुसऱ्या जिवाला हात लावत नाही, ही जातीची म्हणजे प्राण्यांच्या वर्गाची मर्यादा. तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही, ही देशाची. चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही, ही काळाची. देवाब्राह्मणांच्या कार्याखेरीज मारणार नाही, ही समयाची, म्हणजे स्वतःला घालून घेतलेल्या अटीची. आजच्या वाचकाला हे शेवटचं उदाहरण खटकेल, पण अट घालून घेण्याचं तत्त्व त्यामुळे बाद होत नाही. ज्याच्या अहिंसेला अशी कुंपणंच नाहीत, जी सर्वांसाठी, सर्वत्र आणि सर्वकाळ आहे, ते महाव्रत. पण कुंपणाआतल्या मासेमाराच्या वागण्यालाही भाष्यकार अहिंसाच म्हणतो. उणी, पण अहिंसा. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मासे पकडायचा पहिला रॉड आणि रीळ निवडताना हा उतारा समोर असावा, असं मला वाटतं. त्या वस्तूबरोबर मुलाच्या हातात कुणाला तरी इजा करण्याची मुभा जाते, आणि मुभेबरोबर कुंपण गेलं नाही तर आपण अर्धीच वस्तू दिली असं होतं.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न क्वचित पडतो. अमेरिकेतल्या मराठी घरात मात्र तो हमखास दाराशी येतो, कारण तळं जवळ असतं आणि शाळेतले सोबती सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जातात. कायदाही आडवा येत नाही. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत मोठ्या माणसालाही परीक्षा दिल्याशिवाय गळ टाकता येत नाही; न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात 16 वर्षांखालच्या मुलाला साधा परवानाही लागत नाही. यंत्राने तर उरलेली अडचणही दूर केली आहे. तेलविहिरींसाठी स्फोटकं बनवणाऱ्या टल्सा शहरातल्या झिरो अवर बॉम्ब कंपनीने 1949 मध्ये आर. डी. हल यांच्या कल्पनेवरचं बंद तोंडाचं रीळ बाजारात आणलं. या रिळांचं झेब्को हे नाव त्या कंपनीच्याच नावातल्या अक्षरांचं. या रिळात दोऱ्याचं भेंडोळं फिरत नाही. अंगठ्याने बटण दाबून धरायचं, काठी पुढे झोकताना सोडायचं, की टोपणाच्या छिद्रातून दोरा सुळकन निघून जातो. मग मूठ फिरवली की आतली खुंटी दोरा पकडून पुन्हा गुंडाळू लागते. बांबूच्या काठीला दोरा बांधला, तर मुलाची पोच काठी आणि दोऱ्याच्या लांबीपुरती. बटणाच्या रिळाने ती पोच कितीतरी वाढवली. साधनात आपसूक असलेली मर्यादा गेली, की ती माणसाने घालावी लागते. परवाना नाही, परीक्षा नाही, कष्ट नाहीत; उरतो तो फक्त आईबापांचा विवेक.

यावर पहिला आक्षेप असा, की माशाला वेदना होतच नाहीत, तर एवढा विचार कशाला? 2002 मध्ये जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने असाच युक्तिवाद मांडला होता: वेदनेची जाणीव होण्यासाठी मेंदूचं जे बाह्यपटल लागतं, ते माशांना नाही. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल आणि मधमाशीचं विष टोचून पाहिलं. ते मासे तळाशी डुलत राहिले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले, आणि सुमारे तीन तास अन्नाकडे फिरकले नाहीत. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. माशाला आतून नेमकं काय जाणवतं, यावर वाद चालू राहील. पण तसं बाह्यपटल पक्ष्यांनाही नसतं, आणि पाय मोडलेल्या कबुतराला दुखत नाही असं कुणी म्हणत नाही. शंका असेल तेव्हा शंकेचा फायदा दुबळ्याला द्यावा, हा न्याय मुलाला शिकवण्याजोगा आहे. म्हणून ‘त्याला काही होत नाही रे’ हे वाक्य तळ्याकाठी उच्चारू नये. ते बहुधा खोटं आहे, आणि समोर तडफडणारा मासा पाहून मुलालाही ते खोटंच वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोळ्याचं पोर लहानपणापासून मासे हाताळतं, त्यात कुणाला अधर्म दिसत नाही. मग हौशी मुलाला वेगळा नियम का? फरक कुळाचा नाही, कुंपणाचा आहे. कोळीवाड्यातल्या मुलाला मासेमारी मिळते ती मर्यादांसकट. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची सरकारी बंदी असते, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटण्याची रीत आहे. ही झाली काळाची मर्यादा. देशाची मर्यादा पाहायची तर महाडजवळच्या वाळणकोंडाला जावं. काळ नदीच्या त्या डोहातल्या महसीर माशांना वरदायिनी देवीच्या नावाने अभय आहे. लोक कुरमुरे टाकतात, मासे ते टिपायला वर येतात, पण तिथे कुणी गळ टाकत नाही. नदी तीच आणि माणसंही तीच, तरी या काठावर मारायचं नाही हे ठरलेलं. कोळ्याच्या मुलाला हे कुणी शिकवणी लावून शिकवत नाही. ते रीतीतूनच येतं. हौशी मुलाला मात्र पाकिटातून रॉड मिळतो आणि पाकिटात रीत नसते.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा आवडता आहे: मासा खायचा कशाला, पकडून सोडून द्यावा, मुलाला संयम येतो, निसर्गाची ओढ लागते, मासाही जगतो. इथे पुन्हा भाष्यकाराकडे वळावं लागतं. 34 व्या सूत्रावर लिहिताना तो हिंसेची तीन मुळं सांगतो: मांस-कातड्यासाठी केली तर लोभ, ‘याने माझं वाकडं केलं’ म्हणून केली तर क्रोध, आणि ‘यातून मला धर्म घडेल’ म्हणून केली तर मोह. निव्वळ गंमत त्या यादीत नाही. गमतीला आपण संस्काराचं नाव देतो तेव्हा ती तिसऱ्या खान्यात जाऊन बसते. संयम शिकवायला गळच हवा असं नाही. बी पेरून उगवायची वाट पाहण्यातही तो आहे. स्वित्झर्लंडच्या 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांनी तर सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडायला मनाई केली आहे, कारण ज्या इजेला कारण नाही तिचं समर्थन करता येत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. कावेरीच्या काही पट्ट्यांत महसीर पकडून सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या राबत्यामुळे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना चाप बसला. पण त्यातून पहाऱ्याचं मोल सिद्ध होतं, गळाचं नव्हे. लहानगा मासा सोडून देणं हा विवेक झाला. सोडायचंच हे ठरवून ओठ फाडणं हा नुसता खेळ, आणि तो सभ्य वाटतो हीच त्यातली मेख.

आता निवडीकडे येऊ, कारण तत्त्व खरं असेल तर ते दुकानातही उपयोगी पडलं पाहिजे. कार्टूनचं चित्र असलेला अडीच-तीन फुटी रॉड टाळावा. तो तकलादू असतो हे एक कारण, पण खरं कारण हे, की जिवावर बेतणाऱ्या वस्तूला तो खेळण्याचं रूप देतो. चार ते पाच फुटांचा फायबरग्लासचा रॉड, बटणाचं बंद रीळ आणि सहा ते आठ पौंडांचा दोरा पुरतो. फार बारीक दोऱ्यावर मासा हळूहळू दमवून ओढावा लागतो. जरा दणकट दोरा त्याची फरफट कमी करतो. गळ एकेरी असावा, तीन तोंडांचा नको, आणि टोकामागचा उलटा काटा पकडीने चेपून टाकावा, म्हणजे तो ओठातून, आणि प्रसंगी मुलाच्या बोटातूनही, न फाडता निघतो. पहिले काही आठवडे तर गळ नकोच. दोऱ्याला रबरी बूच बांधून अंगणातल्या कड्यात नेम धरू द्यावा. झोकण्यातला निम्मा आनंद तिथेच मिळतो. पुढे चारही कुंपणं त्याच्या भाषेत सांगावीत. जाती: तळहाताएवढे ब्लूगिल जातीचे मासे, बाकी काही नाही. देश: अमुक एक काठ. काल: उथळ पाण्यात नर ब्लूगिल अंड्यांची राखण करतो, तेव्हा त्या घरट्यांवर गळ टाकायचा नाही. समय: घरी खाण्यापुरते एक-दोन, मग दोरा गुंडाळायचा. परत सोडायचा मासा धरण्याआधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो.

मासे न खाणाऱ्या जैन किंवा माळकरी घरात हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि त्यांची वाट अधिक उंच आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पण बाजारातून पापलेट आणणाऱ्या घराने मुलाच्या गळाकडे पाहून नाक मुरडू नये. तेच 34 वं सूत्र स्वतः केलेल्या हिंसेइतकीच करवलेली आणि मान्य केलेली हिंसाही मोजतं. त्या हिशेबात बाजारातून मासा आणणारा येतो, आणि रॉड विकत घेणारा बापही. म्हणून रंग आणि चित्र निवडण्याआधी घरात एकाच प्रश्नाचा निकाल लावावा: मिळालेला मासा आपण साफ करून, शिजवून, पानात वाढून घेणार आहोत का? उत्तर हो असेल, तर काटा चेपलेला एकच गळ घ्या. नाही असेल, तर रॉड आणि रबरी बूच घ्या, आणि गळ दुकानातच राहू द्या.