दूरच्या ओळखी

नव्या क्षेत्रात काम शोधणाऱ्याला कौशल्याइतकीच माहितीची उणीव भासते, कारण जागा कुठे रिकामी होणार हे जाहिरात निघण्यापूर्वी बहुधा त्या क्षेत्रात वावरणाऱ्यांनाच ठाऊक असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन येथील नोकरदारांचा अभ्यास करून 1973 मध्ये ‘दुर्बल बंधां’चे, म्हणजे क्वचित भेटणाऱ्या परिचितांशी असलेल्या सैल नात्यांचे, महत्त्व दाखवून दिले; ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांनाच ती वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीमार्फत कळली होती. जिवलग माणसे एकाच वर्तुळात वावरत असल्याने त्यांच्याकडची बातमी सहसा आधीच कानी आलेली असते, तर जुना सहकारी किंवा विस्मरणात गेलेला वर्गमित्र निराळ्याच जगाची खबर देऊ शकतो. मराठी मनाला अशा ओळखीतून काम शोधण्यात वशिल्याचा वास येतो आणि संकोच आड येतो. परंतु वशिला पात्रतेला डावलतो, तर अशी ओळख केवळ वाट दाखवते, आणि हा भेद ध्यानात न आल्यामुळे कितीतरी गुणी माणसे मुलाखतीच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत, ही मनापासून हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. क्षेत्र बदलू पाहणाऱ्या श्रोत्यांनी आज अशा एखाद्या जुन्या परिचिताला, नोकरी न मागता, त्याच्या कामाविषयी चार प्रश्न विचारणारे पत्र अवश्य लिहावे.