अस्सल प्रत

चामोर्शीतील आमच्या वाचनखोलीत एक संगणक आहे. २०१० साली तो एका शहरातील दुकानातून घेतला, तेव्हा त्यात ‘विंडोज ७’ ही कार्यप्रणाली भरून मिळाली. पावतीवर यंत्राची किंमत होती, कार्यप्रणालीचा उल्लेख नव्हता. आणि मीही तो विचारला नाही. काही महिन्यांनी पडद्याची पार्श्वभूमी काळी झाली आणि उजव्या कोपऱ्यात तळाशी पांढऱ्या बारीक अक्षरांत एक वाक्य उमटू लागले : ‘विंडोजची ही प्रत अस्सल नाही.’ पहिले काही दिवस ते डोळ्यांना खुपले. नंतर सवय झाली.

या संगणकावर आसपासच्या खेड्यांतून शिकायला आलेली मुले बसतात. कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, कोणी जातीच्या दाखल्यासाठी कागद चढवतो, कोणी बापाच्या शेताचा सातबारा काढतो. अशाच एका मुलाने एकदा मला विचारले, “फादर, हे खाली लिहिले आहे ते खरे आहे का?” मी म्हणालो, “ते राहू दे. तू आपला अर्ज भर.” उत्तर साधेच होते, पण ते देताना माझा आवाज विनाकारण चढला होता, हे माझ्या ध्यानात आले. तो मुलगा काही बोलला नाही.

पुढे आणखी एक गोष्ट घडली. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख होती आणि एका मुलीचा अर्ज काही केल्या पुढे सरकेना. दोष यंत्राचा नव्हता, वीज होती, जोडणीही चालू होती. परंतु आमचा ब्राउझर इतका जुना झाला होता की त्यातून ते पान नीट उघडत नव्हते. ‘विंडोज ७’ला सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले होते. २०२३ पासून ‘क्रोम’च्या नव्या आवृत्त्याही त्यावर बसेनाशा झाल्या. हे मला ठाऊक होते. ‘चालते आहे तोवर चालू द्यावे’ असे म्हणत मी ते पुढे ढकलले होते आणि या ढकलण्याला काटकसर हे सुंदर नाव दिले होते. ती मुलगी बापासह एस.टी.ने गडचिरोलीला गेली आणि तेथून तिने अर्ज भरला. अर्ज वेळेत पोहोचला. पण बापाची दिवसाची मजुरी बुडाली. माझ्या काटकसरीची किंमत त्याने मोजली होती.

त्यानंतर मी चौकशी सुरू केली. माझ्यापुढे तीन मार्ग होते. नवा संगणक घ्यावा, तर तेवढे पैसे नव्हते. दुसरा मार्ग एका दुकानदाराने सुचवला : तीनशे रुपयांत तो ‘विंडोज १०’ची प्रत बसवून देणार होता, आणि कोपऱ्यातले ते वाक्य पुन्हा दिसणार नाही अशी हमीही देत होता. तिसरा मार्ग आमच्याच एका विद्यार्थ्याने सांगितला. लिनक्स नावाची कार्यप्रणाली विनामूल्य मिळते आणि ती जुन्या यंत्रावरही चालते, असे तो म्हणाला. वाचकहो, प्रश्न तांत्रिक असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु दुसऱ्या मार्गावर विचार करताना जे युक्तिवाद माझ्या मनात उभे राहिले, ते आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतात, असा माझा अनुभव आहे.

पहिला युक्तिवाद असा. कोणाची भाकरी चोरली तर तो उपाशी राहतो. परंतु कार्यप्रणालीची नक्कल केल्याने मूळ मालकाकडचे काहीच कमी होत नाही. मग ही चोरी कशी? हा युक्तिवाद पोकळ नाही. नक्कल आणि अपहार यांत खरोखरच भेद आहे, आणि तो नाकारून उपदेश करणारा माणूस ऐकणाऱ्याचा विश्वास गमावतो. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली जी दुरुस्ती झाली, तिने संगणकीय आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा ठरवला. पण कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. ज्याने ती वस्तू घडवली त्याने एक अट घातली होती, आणि ती अट मान्य असल्याचा देखावा करून आपण वस्तू वापरतो. येथे हानीहून मोठी गोष्ट आहे ती असत्याची. तीनशे रुपयांत मला कार्यप्रणाली मिळत होती हे खरे. परंतु मी विकत घेत होतो ते मुख्यतः ते वाक्य दिसेनासे करण्याचे साधन.

दुसरा युक्तिवाद गरजेचा आहे. आम्ही गरीब आहोत, कंपनी धनाढ्य आहे आणि आमचे काम चांगले आहे. सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्वायनस वाचला होता. तेराव्या शतकातील या विचारवंताने म्हटले आहे की, गरज इतकी उघड आणि तातडीची असेल की अन्य उपायच नाही, तर दुसऱ्याच्या मालमत्तेतून ती भागवणे ही खऱ्या अर्थाने चोरी ठरत नाही. कारण पृथ्वीवरील वस्तू मुळात सर्वांच्या निर्वाहासाठी आहेत. हे तत्त्व मी अनेकदा मोठ्या आवडीने सांगत आलो आहे. पण त्यातील अट मी यावेळी प्रथमच स्वतःला लावून पाहिली : ‘अन्य उपायच नाही तर’. अन्य उपाय होता. तो शिकून घेण्याचे कष्ट मला नको होते. माझी अडचण गरजेची नसून आळसाची होती, आणि आळसाला ते तत्त्व लागू पडत नाही.

तिसरी बाजू मला त्या दुकानदाराच्याच बोलण्यातून कळली. बनावट प्रत चालू करण्यासाठी जी छोटी आज्ञावली वापरतात, ती कोणी लिहिली आणि ती आणखी काय करते, हे त्यालाही ठाऊक नव्हते. आमच्या संगणकावरून मुलांचे आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकांची चित्रे, उत्पन्नाचे दाखले जातात. माझ्या वस्तूविषयी धोका पत्करण्याचा अधिकार मला असेल. दुसऱ्याच्या ठेवीविषयी तो नाही. हीच गोष्ट सुधारणा थांबलेल्या जुन्या कार्यप्रणालीलाही लागू आहे. ‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्याला प्रिय आहे. परंतु ज्या घराचे कुलूप मोडले आहे त्यात इतरांचे दागिने ठेवून आपण जुन्या घराच्या प्रेमाचे कौतुक सांगू नये.

आता कंपनीच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. ‘विंडोज १०’ २०१५ साली आली आणि तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दहा वर्षे हा अल्प काळ नव्हे. कोणतीही संस्था आपले प्रत्येक जुने काम अनंतकाळ दुरुस्त करीत राहील, अशी अपेक्षा अन्यायाची होईल. २०२१ साली आलेल्या ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची यंत्रणा आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामागेही सुरक्षेची कारणे दिली गेली. तथापि याचा परिणाम असा की, जगभरातील असंख्य धडधाकट यंत्रे एका तारखेने ‘जुनी’ ठरली. आमच्याकडे बैलगाडीचा एखादा आरा मोडला तर सुतार तेवढा आरा बदलतो, धाव सैल झाली तर ती पुन्हा चढवतो. पण गाडी टाकून दे असे कोणी म्हणत नाही. वस्तू निकामी होणे आणि वस्तू निकामी ठरवली जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली निसर्गाच्या नियमाने घडते, दुसरी माणसाच्या निर्णयाने. आणि जेथे निर्णय आहे तेथे ‘हा भार कोणावर पडतो?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आहे. फेकलेल्या यंत्रातील शिसे आणि इतर विषारी द्रव्ये अखेर कोणाच्या तरी मातीत आणि पाण्यात उतरतात, आणि तो माणूस बहुधा विकत घेणारा नसतो.

तिसऱ्या मार्गाविषयी माझ्या मनात वेगळाच संशय होता. जे फुकट मिळते त्याची किंमत कोणीतरी मोजलेली असते. येथे ती कोणी मोजली? उत्तर शोधताना मला कळले की, १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला, आणि १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी तिचा गाभा लिहून सर्वांसमोर ठेवला. त्यानंतर हजारो लोकांनी, काहींनी पगार घेऊन तर काहींनी फावल्या वेळात, ती वाढवली. आपल्या देशातही सी-डॅकने ‘बॉस’ नावाची अशी कार्यप्रणाली तयार केली, आणि केरळातील सरकारी शाळांनी मुक्त कार्यप्रणालीवर मुलांना शिकवून दाखवले. हिचा परवानाही अटींचा आहे. वापरा, तपासा, बदला, वाटा. मात्र दुसऱ्याला देताना तुम्हाला जे स्वातंत्र्य मिळाले तेच त्यालाही द्या.

ही अट वाचताना मला आमच्या जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाची आठवण झाली. धानोरा तालुक्यातील या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ते जंगल कोणा एकाचे नाही; म्हणून ते बेवारस आहे असे नव्हे. काय तोडावे, किती तोडावे आणि पुढच्यासाठी काय राखावे, हे गाव एकत्र बसून ठरवते. जे सर्वांचे आहे ते नियमावाचून टिकत नाही, आणि ते घेणाऱ्यावर राखण्याचे ऋण असते, हे आमच्या वनवासी बांधवांनी कोणाच्या परवान्यात वाचलेले नाही.

अखेर त्या विद्यार्थ्याने आणि मी मिळून दोन संध्याकाळी हे काम केले. प्रथम सर्व कागदपत्रांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवली. फिरती जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली आणि वापरलेली दोन जीबीची मेमरी जोडून एकूण मेमरी चार जीबी केली. ‘लिनक्स मिंट’ची हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन, आधी तेथूनच चालवून पाहिली आणि मग बसवली. सारा खर्च तीन हजारांच्या आत झाला.

सर्व सुखरूप झाले असे मात्र नाही. हिशेबाची एक जुनी आज्ञावली नव्या व्यवस्थेत चालेना. प्रिंटरने एक संध्याकाळ खाल्ली. सर्वांत मोठा धक्का माझ्या जुन्या पत्रांचा होता. ती युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली असल्यामुळे मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका दिसू लागला. त्यांचे रूपांतर अद्याप चालू आहे; एकेक पत्र तपासून दुरुस्त करावे लागते. खरेपणाने वागलो म्हणजे वाट सोपी होते, असे मी कोणाला सांगणार नाही.

काम संपल्यावर मी पूर्वी ज्याच्यावर आवाज चढवला होता त्या मुलाला बोलावले आणि सांगितले, “तू विचारले होतेस ते खरे होते. प्रत अस्सल नव्हती, आणि ते मला माहीत होते.” तो थोडा ओशाळला. मग नव्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे त्याने निरखून पाहिले आणि म्हणाला, “फादर, हे मला घरी नेऊन दुसऱ्याच्या संगणकावर बसवता येईल का?” मी पेन ड्राइव्ह त्याच्या हाती दिला. या वस्तूच्या बाबतीत ‘हो’ म्हणताना मला प्रथमच काही लपवावे लागले नाही.